दुरुस्त्यांसह मंजूर झालेलं शेत

सोफा बाहेर काढायचा ठरला तेव्हा तो मुळात आत आला कसा, हेच घरात कोणाला आठवेना. मापसाहेबांनी टेप आणून दार मोजलं, सोफा मोजला आणि हा सोफा या दारातून आत येणं शक्यच नाही, असा निर्वाळा दिला.

"अहो, बावीस वर्षं बसतोय आपण त्याच्यावर," बायको म्हणाली.

"बसत असू. पण माप तसं म्हणत नाही."

शेवटी सोफा उभा करून, तिरका करून, त्याचा एक पाय काढून स्वयंपाकघराच्या वाटेत नेऊन ठेवला. पुढचे चार आठवडे त्या घरात पेलाभर पाणी प्यायचं तरी अंग चोरून जावं लागणार होतं, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक नव्हतं. बैठकीची खोली मोकळी हवी होती, कारण तिथे शेत येणार होतं.

मापसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर माणसाला दुसरं नाव उरत नाही. त्यांनी आयुष्यात इतके तराजू जप्त केले होते, की कोपऱ्यावरची भाजीवाली अजूनही त्यांना पाहिलं की एक टोमॅटो जास्तच टाकायची, आणि साहेब तो परत काढायला लावायचे. निवृत्तीनंतर चोवीस घरांच्या आपल्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणून ते बिनविरोध निवडून आले. बिनविरोध एवढ्याचसाठी, की ते काम दुसऱ्या कोणालाच नको होतं.

शेत होतं त्यांच्या मुलीचं. ती ज्या कंपनीत होती, ती कंपनी इमारतींच्या गच्च्यांवर बिनमातीची शेती उभी करून देई: शेड, तिच्यात मांडण्या, नळ्यांतून फिरणारं पाणी, दिवे, पंखे, आणि सगळ्यावर लक्ष ठेवणारा एक संगणक. लोकांना सांगून हे कळत नसे. म्हणून शेत बांधायच्या आधीच त्यात माणसाला उभं करायचं, हे मुलीचं काम. डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा बांधायचा की चहूकडे शेत दिसू लागतं. मान वळवाल तिकडे झाडं, चालाल तसं शेत पुढे सरकतं. हे चष्म्यातलं शेत ती स्वतः संगणकावर रचायची. तिची नोकरी अजून कच्ची होती. कंपनीने तिला सांगितलं होतं, एक इमारत घे, लोकांना शेती समजावून दे आणि महिनाअखेरपर्यंत दोन तृतीयांश घरांच्या सह्या आण. आणल्यास तर नोकरी पक्की, नाहीतर राम राम. चोवीस घरांचे दोन तृतीयांश म्हणजे सोळा. आणि सेक्रेटरी घरातच असल्यामुळे वडील म्हणाले होते, "त्यात काय एवढं?" या तीन शब्दांनी जगात जेवढं नुकसान केलंय, तेवढं भूकंपांनीही केलं नसेल.

खरं सांगायचं तर मुलगी नेमकं काय करते, हे मापसाहेबांनाही कळलेलं नव्हतं. "माती नाही, मग शेत कसलं?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. "मुळं पाण्यात असतात, बाबा," एवढं उत्तर मिळालं, तेव्हा त्यांनी गंभीरपणे मान हलवली. न कळलेल्या गोष्टीला गंभीरपणे मान हलवायची त्यांना सवयच होती, आणि खात्यात त्या मानेवर त्यांना दोन बढत्याही मिळाल्या होत्या.

पहिल्या दिवशी मान चेअरमनांचा. त्यांनी चष्मा बांधून घेतला, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि दहा मिनिटं "वा! काय भव्य! काय हिरवंगार!" असं म्हणत राहिले. मग मुलगी हळूच म्हणाली, "काका, मी अजून सुरू केलेलं नाही." चेअरमन म्हणाले, "कल्पना आली, कल्पना आली," आणि चष्मा काढून सरळ घरी गेले.

त्यानंतर वरच्या मजल्यावरचे गळतीकाका आले. हे निवृत्त स्थापत्य अभियंते. त्यांच्या छताला बरोबर गच्चीच्या खाली एक ओल होती. सेक्रेटरी बदलले, रंगारी बदलले, ओल तिथेच राहिली. त्यांनी चष्मा चढवला आणि भोवती फळांनी लगडलेली झाडं असताना थेट जमिनीवर पालथे पडून फरशीचे कोपरे तपासायला सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला त्यांना चमकणारा एक डाग सापडला.

"ही बघा ओल!" पालथ्यापालथ्याच ते ओरडले.

"काका, ते उजेडाचं प्रतिबिंब आहे."

"सगळे आधी असंच सांगतात," गळतीकाका म्हणाले आणि उठताना टीपॉयवर डोकं आपटून घेतलं. मग कपाळ चोळत त्यांनी तो घातक प्रश्न विचारला, "याला नगरपालिकेची परवानगी आहे का?"

दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. पण परवानगी हा शब्द कानावर पडला की मापसाहेबांची पाठ आपोआप ताठ होई. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते नगरपालिकेच्या बांधकाम विभागात हजर झाले. खिडकीतल्या लिपिकाने अर्ज पुढे ओढला.

"गच्चीवर शेड. उंची?"

"शेड अजून नाहीये. ती फक्त चष्म्यातून दिसते."

"मग नसलेल्या शेडची उंची सांगा."

"नसलेल्या शेडला परवानगी लागते का, एवढंच विचारायचं होतं."

लिपिकाने पेनाचं टोपण लावलं. "नसलेल्या बांधकामाला परवानगी लागत नाही. पण परवानगी लागत नाही असं पत्र हवं असेल, तर तसा अर्ज लागेल. सोबत बांधकामाचा नकाशा तीन प्रतींत, आणि मग जागेची पाहणी."

मापसाहेब याच सरकारी मुशीत घडलेले. त्यामुळे त्यांना यात वावगं असं काहीच वाटलं नाही, उलट माणूस कामाचा आहे असं वाटलं. आठवड्याने पाहणी करणारे साहेब घरी आले, सोफ्याच्या बगलेतून वाट काढत चहाला हो म्हणाले आणि चष्मा लावून नसलेल्या शेडची रीतसर पाहणी केली. बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. शेड जिन्याच्या दारापासून तीन फूट दूर हवी, मागे घ्या, त्याशिवाय पत्र मिळणार नाही. मुलीने संगणकावर बसून पाच मिनिटांत शेड तीन फूट मागे घेतली. साहेबांनी पुन्हा चष्मा लावला, समाधानाने मान डोलावली आणि गेले. "बाजारात तुरी," असं काहीसं बायको पुटपुटली, पण कपबशा उचलायला गेल्यामुळे म्हण अर्धीच राहिली.

इथे खरं घोडं पेंड खायला लागलं. शेड तीन फूट सरकली ही बातमी संध्याकाळपर्यंत चोवीस घरांत पोचली, आणि सरकते म्हणजे बदलता येते, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. शेत समजून घ्यायला म्हणून येणारी माणसं आता हरकत नोंदवायला येऊ लागली.

गळतीकाका म्हणाले, पाणी काढा, माझ्या डोक्यावर पाणी नको. मुलीने समजावून सांगितलं, की पाणी बंद नळ्यांतून फिरतं, झाडांना खत पाजतं आणि पुन्हा टाकीत येतं. काका म्हणाले, "नळीत शिरलेलं पाणी कधी ना कधी बाहेर येतंच. चाळीस वर्षं हेच पाहिलंय मी."

"काढून टाक गं," मापसाहेब मुलीच्या कानात म्हणाले. "आधी सोळा सह्या होऊ देत."

पाणी गेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंना दिव्यांचा गुलाबी रंग खटकला. त्यांचा दवाखाना घरातच होता. वर गुलाबी उजेड पाहून पेशंट दात दाखवायला यायचे सोडून भलतंच काही समजतील, अशी त्यांना धास्ती. दिवे गेले. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी चष्म्यातून ऐकू येणारा पंख्याचा आवाज डोळे मिटून ऐकला आणि तो दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो असं सांगितलं; तो वर बसवून द्या नाहीतर खाली, अधेमधे चालणार नाही. पंखा गेला. पानांवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यात वाळत घातलेले कपडे दिसतील, म्हणून कॅमेरा गेला. पानं आली की किडे येणार असं चेअरमनांचं मत पडलं, आणि त्यांची पहिल्या दिवशीची फजिती भरून काढायची असल्यामुळे ते लगेच मान्य करावं लागलं. चेअरमन मन मोठं करून म्हणाले, "फळं मात्र राहू द्या हं."

त्यामुळे एक दिवस मापसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत लालबुंद टोमॅटो झाडांशिवाय हवेत लटकत होते. बघायला मात्र ते सुरेख दिसत. पण कोणीतरी ते मोजले. तेवीस भरले. घरं चोवीस! कोणाला मिळणार नाही यावरून जिन्यात अशी बाचाबाची झाली, की संध्याकाळी टोमॅटोही काढून टाकावे लागले.

यात मापसाहेबांचं एक काम मात्र चोख चालू होतं. खात्यात कुठलीही वस्तू उचलायची तर तिचा उपयोग लिहिल्याशिवाय उचलता येत नसे. त्याच शिस्तीत त्यांनी सोसायटीच्या इतिवृत्तात तीन रकाने आखले होते: बाब, उपयोग, काढण्याचं कारण. कारण शेजारी सांगत. उपयोग मुलीला विचारावा लागे. रोज संध्याकाळी ते वही घेऊन तिच्या शेजारी बसत आणि आपला वाचायचा चष्मा नाकावर सरकवून विचारत, "पंखा. उपयोग?"

पहिल्यापहिल्यांदा ती सविस्तर सांगायची. पंख्याच्या वाऱ्याने फूल हलतं, पराग झडतो, म्हणून फळ धरतं. वारा नसेल तर नुसती फुलं येतील आणि गळतील. दिवा गुलाबी का, तर पानं लाल आणि निळा उजेडच जास्त खातात. पाण्यात एक कांडी असते, ती खारटपणा मोजते. खत जास्त झालं तर मुळं करपतात. मापसाहेब शब्द न् शब्द उतरवून घेत. पुढेपुढे मात्र तिची उत्तरं आखूड होत गेली. शेवटच्या दिवशी शेड काढायची होती, कारण शेडमुळे पतंग उडवायला जागा उरत नाही अशी एक हरकत आली होती. तिने उपयोग सांगितला, "शेताला छप्पर," आणि संगणकाकडेच बघत राहिली. मापसाहेबांना तेव्हा प्रथमच वाटलं, की आपलं काहीतरी चुकतंय. पण त्यांनी तेही रकान्यात बसत नाही म्हणून सोडून दिलं.

महिनाअखेरच्या आदल्या रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या गाड्यांच्या जागेत खुर्च्या मांडून सभा भरली. दुरुस्त्यांसह शेत सगळ्यांना दाखवण्यात आलं. आता चष्म्यात दिसत होती गच्ची, कपड्यांची दोरी, एक गंजलेला अँटेना आणि मोडकी खुर्ची. गच्ची जशी होती तशी, फरक एवढाच, की ती पाहायला जिने चढावे लागत नव्हते.

"किती मोकळं वाटतंय," दंतवैद्यबाई म्हणाल्या.

"आवाज अजिबात नाही," गाण्याच्या बाई म्हणाल्या.

गळतीकाका पालथे पडून आले आणि हात झटकत म्हणाले, "कोरडं आहे. शेत असावं तर असं."

टाळ्या पडल्या. सह्यांचा कागद फिरला. वर कंपनीचं वाक्य छापलेलं होतं: आम्हाला दाखवलेलं शेत आम्हाला समजलं असून ते आमच्या गच्चीवर करण्यास आमची संमती आहे. खाली चोवीसपैकी चोवीस सह्या. त्या इमारतीत आजवर लिफ्टच्या रंगावरही एकमत झालेलं नव्हतं.

मापसाहेब कागद घेऊन मुलीजवळ गेले. ती चष्म्याचे पट्टे गुंडाळत होती. कागदाकडे तिने पाहिलंच नाही.

"बाबा, यात शेत कुठे आहे?" ती हळू आवाजात म्हणाली.

कागद तसाच कंपनीत दिला असता तरी कोणी विचारलं नसतं. नोकरी पक्की झाली असती. पुढच्या महिन्यात मांडण्या, नळ्या, पंखे सगळं वर आलं असतं आणि सह्या तर सगळ्यांच्याच होत्या. मापसाहेबांना हे सगळं दिसत होतं, आणि मोहही झाला. पोटच्या पोरीची नोकरी होती ती. पण आयुष्यभर त्यांनी आतून पोखरलेली वजनं पकडली होती. तळाला भोक पाडून आत मेण भरलेलं वजन वरून अगदी खरं दिसतं, शिक्क्यासकट. हातातला कागद त्यांना तसा हलका लागला.

"सभा अजून संपलेली नाही," ते खुर्चीवर चढून म्हणाले. "बसा. या सह्या मी धरत नाही. माप खोटं आहे."

एकच गलका झाला. चेअरमन म्हणाले, अहो, एकमत झालंय, आता कशाला खोडा घालता? मापसाहेबांनी ऐकलं नाही. त्यांनी वही उघडली आणि काढलेली एकेक वस्तू, शेवटून पहिल्यापर्यंत, वाचायला सुरुवात केली. नुसती वाचली नाही. चार आठवडे लिहून लिहून ती त्यांच्या अंगात मुरली होती. एका हाताने पाणी कसं चढतं ते दाखवत, दुसऱ्या हाताने ते कसं टाकीत परत येतं ते दाखवत ते बोलत होते. फूल कसं हलतं हे दाखवताना स्वतःच हलले, आणि खुर्ची डुगडुगली. कोणी हसलं नाही. मुलगी तोंडावर हात धरून बघत उभी होती. आपला बाप हे सगळं बोलू शकतो, यावर तिचा विश्वास बसत नव्हता, आणि खरं म्हणजे बापाचाही बसत नव्हता.

वही मिटली. मग गळतीकाकांनी हात वर केला.

"वीज गेली तर पाणी फिरायचं थांबेल. मुळं उघडी पडतील. किती वेळ तग धरतील?"

मुलगी दोन पावलं पुढे आली. "नळीत थोडं पाणी राहतं काका, तीनेक तास निघतात. उन्हाळ्यात कमी. म्हणून बॅटरी ठेवतो."

"आणि पाण्याने भरलेल्या मांडणीचं वजन? स्लॅब कितीचा आहे, बघितलंय?"

"बघितलंय. आकडे देते."

"पंखा सकाळीच लावला तर चालेल का?" गाण्याच्या बाईंनी विचारलं. "माझा क्लास संध्याकाळी असतो." दंतवैद्यबाईंना दिव्यांना पडदा लावता येईल का, हे हवं होतं. तासभर प्रश्न चालले. महिनाभरात पहिल्यांदाच प्रश्न शेताबद्दल होते. मग नव्या कागदावर नव्याने सह्या झाल्या. या वेळी माणसं सही करण्यापूर्वी थांबत होती, विचार करत होती, काही जण पेन खाली ठेवत होते. काही कळलं नव्हतं तोवर सह्या चोवीस होत्या. कळल्यावर तेरा झाल्या. सोळाला तीन कमी.

मापसाहेब घरी येऊन स्टुलावर बसले. वही बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पोरी, मी तुझं नुकसान केलं."

"केलंत," मुलगी म्हणाली. "पण आज नाही, बाबा. एकेक वस्तू काढायला लावलीत ना, तेव्हा. आजच्या तेरा सह्या खऱ्या आहेत. मी तेराच नेऊन देणार आहे."

"तेरावर नोकरी देतात का?"

"नाही देत."

बायकोने दोघांपुढे चहा ठेवला. तिचेही डोळे भरले होते, पण तिने वाफेचं निमित्त केलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात गळतीकाका उभे होते. त्यांनी सही केलेली नव्हती. स्लॅबचे आकडे बघितल्याशिवाय ते पेनाला हातही लावणार नव्हते.

"तो चष्मा परत लावा," ते म्हणाले. "हा आजचा नको, अगदी पहिला. झाडं, पाणी, सगळं असलेला. आहे ना अजून?"

"आहे," मुलगी म्हणाली.

"त्या दिवशी काय बघायचं तेच मला माहीत नव्हतं. आता पाणी परत येतं ना, त्या जागी उभं करा मला."

मापसाहेब दारापाशी आले. काकांच्या मागे जिन्यात दंतवैद्यबाई होत्या, गाण्याच्या बाई होत्या, आणि त्यांच्याही मागे चेअरमन कठड्याला टेकून आपला नंबर आधीचा असल्याचं कोणाला तरी पटवून देत होते. साहेबांनी सवयीने मोजलं. रांगेत सात जण होते, आणि सातांपैकी एकाचीही सही त्या तेरांत नव्हती. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि सात खुर्च्या आणायला खाली गेले.